पाय मोडलेली अक्षरं

अंकुदच्या बंदरामागे, मासळीच्या लिलावाच्या गल्लीत
नोल्फा चिग्वायचं दुरुस्तीचं दुकान.
दुपारी तीनलाच शेगडीत लाकडं घातलेली,
आणि म्हाताऱ्या एलिओदोरो मान्सियानं
शालीत गुंडाळून आणलेला कॉम्प्युटर,
आजारी कोकरू आणावं तसा.

"पुतण्यानं सगळं पुसलं," तो म्हणाला.
"म्हणे हळू चालतो, नवा करतो.
आता हा पडदा मला ओळखत नाही.
विचारतो, तू खरा कशावरून?"

शिंपले तोलायचा त्याचा प्रोग्राम
याच जुन्या विंडोजवर चालायचा,
दुसऱ्या कशावर बसायचा नाही.
आणि सोमवारी कारखान्याची बोट.

नोल्फानं डबा आडवा केला.
कुशीला परवान्याचा स्टिकर होता,
पण चौदा वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यानं चाटून चाटून
अर्धा गिळलेला.
"राहू दे तो. जुनी की डिस्कच्या पोटात असते."

ब्रायननं पुसलं होतं, पण पुसणारा ब्रायन:
जुन्या संसाराचं गाठोडं
एका फोल्डरात जसंच्या तसं.
तिनं रजिस्ट्रीची फाईल उघडली,
आणि पडद्यावर आल्या
पाच-पाचच्या पाच जुड्या.

तिचा हात थांबला.

ही की तिला पाठ होती.
पाठ म्हणजे, झोपेतून उठवून विचारा.
सोळाव्या वर्षी, बेलार्मिनो कार्कामोच्या हाताखाली,
हीच बडवली होती तिनं
शाळेत, दवाखान्यात, फेरीच्या तिकीटखिडकीत,
पाद्रीबाबांच्या टेबलावरसुद्धा.
अख्ख्या बेटाला एकच किल्ली.
"कुलूप लांबच्यांचं," बेलार्मिनो म्हणायचा, "दार आपलं."

"पण मी तर पैसे भरले होते,"
एलिओदोरोनं पिशवीतून पावती काढली.
अस्सल परवाना, एक लाख दहा हजार पेसो.
त्या साली होडीचा रंग राहून गेला होता.

म्हणजे अस्सल ती ही, स्टिकरवरची.
विकत घेतलेली, चिकटवलेली,
आणि एकदाही कुणी न टाईप केलेली.

नोल्फा काही बोलली नाही.
बेलार्मिनोची की टाकून पाहिली. पडद्यानं ती केव्हाच वाळीत टाकलेली.
मग तिनं बॅटरी स्टिकरशी तिरपी धरली,
मऊ पेन्सिल फिरवली, डोळा बारीक केला.
बी की आठ? जी की सहा?
सगळं घोडं या 'की'पाशीच अडलेलं.

"हा ओ असेल," म्हातारा वाकून म्हणाला.
"नाही. यात स्वर नसतात.
चुकून एखादा शब्द होऊ नये म्हणून."

स्वर काढून घेतला की आपण म्हणतो, अक्षराचा पाय मोडला.
तशी ती पाय मोडक्यांची रांग,
मध्ये मध्ये आकड्यांच्या कुबड्या घेऊन
निघाली पडद्याकडे.
नाही.
आठच्या जागी बी. नाही.
पुन्हा आठ, सहाच्या जागी जी. नाही.
शेगडीत एक ओंडका खचला.
दोन्ही बदलून, चौथ्यांदा,
आणि पडद्यानं कोरडेपणानं आभार मानले.

"मोठ्या अक्षरात लिहून दे."
तिनं पुठ्ठ्यावर लिहून दिली.
तो बोट ठेवून पुटपुटत राहिला:
"एम, आर, टी... मार्ता, माझी पहिली होडी.
बी, आर, टी... बेर्ता, ती केलेनच्या वाटेवर बुडाली."
मोडक्या पायांना
तो आपल्याजवळचे स्वर लावत होता.
एक जुडी कशीच जमेना,
तिला त्यानं ब्रायन म्हटलं.

"किती झाले?"
"काही नाही."
"असं कसं?"
"तुम्ही दिलेत तेव्हाच."
ती आगीकडे बघत म्हणाली.

त्यानं पाकीट हातात धरून थोडं थांबून पाहिलं.
मग शाल डब्यावर नीट ओढली
आणि स्वतः उघड्या डोक्यानं बाहेर पडला.

रात्री दुकानाची फळी लावताना
नोल्फाचे ओठ हलत होते.
ती दुसरी की, पाच-पाचच्या पाच जुड्या,
कुणी न विचारता,
एकही अक्षर न चुकता.